जुगाड करा, पण त्याची मुदत ठरवा

आज मोटारसायकलच्या कामचलाऊ दुरुस्तीबद्दल बोलू. रस्त्यात गाडी बंद पडलीय, जवळपास गॅरेज नाही, हाताशी एक पक्कड, तारेचा तुकडा आणि फार तर एखादी चिंधी आहे. अशा वेळी आपण जे काही करतो त्याला जुगाड म्हणतात, आणि आपल्या लोकांना त्याचा भारी अभिमान असतो. असायलाही हरकत नाही. अडचण पुढे सुरू होते. घरापर्यंत पोचायला म्हणून केलेलं काम घरी पोचल्यावरही तसंच राहतं. आठवडा जातो, महिना जातो आणि मालक विसरून जातो की आपल्या ब्रेकमध्ये एक पत्री घातलेली आहे. गाडी मात्र ते विसरत नाही.

मी निवृत्तीनंतर बेंगळुरूत राहतो. दुचाकीच्या प्रेमात पडायला हे शहर उत्तम. इथून मैसूरला गेलात तर आयडियल जावाची जागा, जिथे 1961 पासून 1996 पर्यंत जावा आणि येझदी तयार झाल्या. जे. सी. रोडवर जुन्या-नव्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. आणि आर्मी सर्व्हिस कोअरचं केंद्र इथेच आहे. त्यांच्या टोर्नेडोज संघाने 19 नोव्हेंबर 2017 रोजी येलहंका हवाई तळावर 500 सीसीच्या एका रॉयल एनफील्डवर 58 जवान चढवून विश्वविक्रम केला. तो व्हिडिओ पाहून लोक म्हणतात, 'काय जुगाड केलाय!' मंडळी, तो जुगाड नव्हता. इतकी माणसं उभी राहावीत म्हणून गाडी मुद्दाम तयार केली होती, प्रत्येकाची जागा ठरलेली होती आणि मागे भरपूर सराव होता. आधी विचार करून केलेलं काम वेगळं, आणि वेळ आली म्हणून केलेलं काम वेगळं. आजचा विषय दुसऱ्या प्रकारचा आहे.

फौजेत या दुसऱ्या प्रकारालाही शिस्त असते. गाड्या आणि शस्त्रं दुरुस्त करणारी ईएमई कोअर 15 ऑक्टोबर 1943 पासून हे काम करते आहे. त्यांची पद्धत साधी आहे. पुढच्या भागात गाडी बिघडली तर तिथे फक्त ती हलण्याइतकी दुरुस्त करायची. बाकीचं काम मागच्या वर्कशॉपमध्ये. आणि पुढे जे तात्पुरतं केलं असेल त्याची नोंद झालीच पाहिजे, म्हणजे मागच्या माणसाला कळतं की काय काढून टाकायचं आहे. आपण नागरिक पहिला अर्धा भाग छान करतो. नोंद करायचा आणि काढून टाकायचा अर्धा भाग करत नाही.

म्हणून कुठलाही जुगाड करण्याआधी मी दोन प्रश्न विचारायला सांगतो. पहिला: हा जुगाड वाटेत फसला, तर गाडी थांबेल, की गाडी थांबवता येणार नाही? फसल्यावर गाडी नुसती बंद पडणार असेल तर करून पाहा, फार तर आणखी थोडं ढकलावं लागेल. फसल्यावर ब्रेक जाणार असेल, चाक अडकणार असेल, हँडल सुटणार असेल किंवा आग लागणार असेल, तर तो करायचा नाही. गाडी टेम्पोत घाला. दुसरा प्रश्न: याची मुदत किती? 'पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत', 'आज संध्याकाळपर्यंत' असं उत्तर तोंडाने म्हणता आलं पाहिजे.

आता एकेक उदाहरण घेऊ.

क्लच वायर तुटली. प्रवासात हे हमखास घडतं, आणि घाबरायचं कारण नाही. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करा, पायाने ढकलत थोडी चालती करा आणि पहिला गिअर टाका. एक झटका बसेल. पुढचा गिअर टाकताना अॅक्सिलरेटर क्षणभर पूर्ण सोडा आणि त्याच क्षणी गिअर दाबा. इंजिनावरचा ताण सुटला की गिअर आपोआप बसतो. सिग्नल दिसला की लांबूनच वेग कमी करून न्यूट्रल करा. गर्दीचा रस्ता टाळा. जुन्या जावा-येझदीवाल्यांना तर एवढंही करावं लागत नव्हतं. तिथे गिअरचा पाय दाबला की आतून क्लचही सुटत असे. लडाखला जाणारे अनुभवी लोक नवी क्लच वायर जुनीच्या शेजारीच आधीपासून ओवून ठेवतात. तुटली तर फक्त दोन टोकं जोडायची. स्क्रूने आवळायचं निपल बाजारात मिळतं, तेही पिशवीत असावं. पण लक्षात ठेवा, हे निपल क्लचसाठी. पुढच्या ब्रेकच्या वायरीला ते लावायचं नाही. आपला पहिला प्रश्न आठवा: क्लचचं निपल सटकलं तर गाडी बंद पडेल, ब्रेकचं सटकलं तर गाडी थांबणार नाही.

वायर तुटूच नये म्हणून एक घरगुती उपाय सांगतो, आणि हा जुगाड कायम करायला हरकत नाही. वायरीचं वरचं टोक लिव्हरमधून काढा. त्याभोवती प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोन करून दोऱ्याने घट्ट बांधा. त्यात थोडं इंजिन ऑइल ओता आणि रात्रभर उभं टांगून ठेवा. सकाळी तेल खालच्या टोकातून ठिबकताना दिसेल. पावसाळ्याआधी एकदा हे केलं की वायर हलकी चालते आणि आतून गंजत नाही.

प्लग आणि पॉइंट. जुन्या बुलेटच्या पॉइंटमधली फट साधारण 0.35 ते 0.40 मिलिमीटर लागते. गेज नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड त्याच्या आसपास असतं. प्लगची फट बऱ्याच गाड्यांत 0.6 ते 0.7 मिलिमीटर असते. हॅक्सॉचं पातं साधारण 0.65 मिलिमीटरचं असतं, म्हणून जुने फिटर पात्याचा तुकडा खिशात ठेवतात. याला मी अडाणीपणा म्हणणार नाही, ते मोजमापच आहे. पण प्लग पॉलिश पेपरने घासू नका, त्याचे कण आत अडकतात. पितळी तारेचा छोटा ब्रश चांगला.

पेट्रोलच्या टाकीला बारीक छिद्र पडलं. यावर साबणाचा उपाय फार जुना आहे. कोरडी साबणवडी छिद्रावर दाबून घासायची. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून तो बुजवून धरतो. पण तो पाण्यात विरघळतो. म्हणजे या जुगाडाचा शत्रू पाऊस. एक सर आली की साबण गेला. प्रत्येक जुगाडाला असा एक शत्रू असतो आणि तो माहीत असला तरच मुदत ठरवता येते. इथे आगीचाही प्रश्न आहे. इंजिन बंद आणि थंड असताना काम करा, जवळ कुणी बिडी-सिगारेट ओढत नाही ना ते बघा, साबण लावून दहा मिनिटं थांबा. थेंब येतोच आहे आणि तो इंजिनावर किंवा सायलेन्सरवर पडतोय असं दिसलं, तर गाडी सुरू करू नका.

पंक्चर. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला की आपला हात लगेच पक्कडीकडे जातो. थांबा. बरोबर पंक्चरचं किट नसेल तर खिळा तसाच राहू द्या. त्यानेच छिद्र बुजवलेलं असतं. हवा हळूहळू जाईल, तेवढ्यात सावकाश पंपावर पोचता येतं. किटमधली चिकट वात घातली तर पुढच्या दुकानात टायर उतरवून आतून तपासून घ्या. वात फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात चालते. टायरच्या बाजूच्या भिंतीला छिद्र असेल तर वात घालून वेगात जायचं नाही, ती भिंत दर फेऱ्याला वाकते आणि वात बाहेर फेकली जाते. ट्यूबच्या टायरमध्ये गवत किंवा कापड ठासून भरायची युक्ती खेड्यापाड्यांत सगळ्यांना माहीत आहे. चालण्याच्या वेगाने, मागच्या चाकात, तेही एकट्याने. तिची मुदत पुढच्या गावापर्यंत.

पाण्यात बुडालेली गाडी. सप्टेंबर 2022 मध्ये बेंगळुरूच्या बेलंदूर आणि आउटर रिंग रोड भागात जे पाणी भरलं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. कोल्हापूर, सांगली, महाड, चिपळूणच्या लोकांना तर पुराविषयी काही सांगायला नको. पाणी उतरल्यावर लोक आधी किक मारून पाहतात. इथे किक मारणं हेच सर्वांत महागडं काम. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन जोरात फिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी प्लग काढा, मग हळू किक मारून आतलं पाणी बाहेर जाऊ द्या. एअर फिल्टर पाहा. इंजिन ऑइल दुधी चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे. ते बदला, थोडा वेळ इंजिन चालवून पुन्हा बदला. कार्बोरेटरची गाडी असेल तर तळाचा स्क्रू सैल करून वाटीतलं पाणी काढून टाका.

आता जे करू नये त्याकडे वळतो.

फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवायची, ही युक्ती मी देशभर पाहिली आहे. फ्यूज हा मुद्दाम कमजोर ठेवलेला भाग आहे. वायरिंगमध्ये कुठे शॉर्ट झाला तर त्याने आधी जळावं, म्हणजे वायर जळणार नाही. लहान गाड्यांत तो बहुधा 10 किंवा 15 अँपिअरचा असतो. चांदी घातली की फ्यूज जळत नाही, मग वायरच तापते, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीखालून जाते. पुढचं सांगायला नको. तेवढ्याच अँपिअरचे दोन फ्यूज टेपने सीटखाली चिकटवून ठेवा. दुसराही लगेच उडाला तर तिसरा शोधू नका, शॉर्ट शोधा.

ढिली झालेली चेन. मागचं चाक ओढायला जागा उरली नाही की मिस्त्री म्हणतो, 'एक कडी काढून टाकू.' चेन आखूड होते, आवाज थांबतो, गिऱ्हाईक खूश. पण चेन ताणली म्हणजे तिच्या प्रत्येक सांध्यात झीज झाली. कडी काढल्याने बाकीच्या कड्यांची झीज भरून येत नाही. झिजलेली चेन स्प्रॉकेटच्या दातावरून उडी मारते, कधी उतरून मागचं चाक जाम करते. तपासायला साधी फूटपट्टी पुरे. रोजच्या बऱ्याच गाड्यांत 428 क्रमांकाची चेन असते, तिच्या दोन पिनांमधलं अंतर 12.7 मिलिमीटर. चेन ताणून धरा आणि 20 कड्या मोजा. नवी असताना 254 मिलिमीटर भरतात. 259 भरल्या तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. कडीकुलूप बसवताना त्या क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवा. उलट बसवलं तर ते अडकून निघून जाऊ शकतं.

आणि ब्रेक. इथे मला एक प्रसंग सांगायचा आहे. आमच्या इमारतीत पार्सल पोचवायला एक मुलगा येतो. खानापूरकडचा, मराठी ऐकली की थोडा वेळ बोलतो. मागच्या पावसाळ्यात त्याच्या गाडीकडे सहज लक्ष गेलं. मागच्या ड्रमवरचा ब्रेकचा दांडा पार पुढे झुकला होता आणि रॉडचा नट शेवटच्या आट्यावर होता. मी विचारलं, "अरे, आत काय घातलंय?"

"पत्री घातलीय काका. लायनर संपलं होतं. पन्नास रुपयांत काम झालं."

"आणि नवे शू का नाही घातले?"

"गाडी गॅरेजला लावली की दिवस बुडालाच की काका. चार तास गाडी नसली तर त्या दिवशीचं काय मिळणार?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी त्याला भाषण दिलं नाही, चित्र काढून दाखवलं. ड्रमच्या आत एक छोटा कॅम असतो. दांडा ओढला की तो फिरतो आणि दोन्ही शू बाहेर ढकलतो. शू झिजले की कॅमला जास्त फिरावं लागतं. दांडा रॉडशी साधारण काटकोनात असताना जोर सर्वांत चांगला लागतो, त्यापलीकडे गेला की तोच पाय दाबूनही ब्रेक कमी लागतो. पत्री घालून झीज लपते, पण लायनर वाढत नाही. एक दिवस लायनर संपून धातू धातूवर घासतो, नाहीतर पत्री सरकून आत अडकते. मग एक तर ब्रेक लागत नाही, नाहीतर चाक सुटत नाही. ओल्या रस्त्यावर, मागून बस येत असताना, दोन्हींचा अर्थ एकच. त्याने सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे किती दिवस चालेल काका?" हा प्रश्न बहुतेक जण विचारतात. मी म्हटलं, "दिवस मोजता येत नाहीत म्हणूनच ती काढायची."

मग हिशेब मांडला. मागचं चाक काढून शू बदलायला हात बसलेल्या मिस्त्रीला अर्धा तास लागतो. चार तास गॅरेजच्या रांगेत जातात. त्याने शू आदल्या दिवशी विकत घेतले, गॅरेजवाल्याला सकाळी दुकान उघडायच्या वेळेला पहिला नंबर लावायला सांगितलं आणि पहिली ऑर्डर यायच्या आत गाडी घेऊन निघाला. ज्यांचं पोट गाडीवर आहे त्यांना 'जुगाड करू नका' एवढंच सांगून भागत नाही. त्यांचा दिवस न बुडता योग्य काम कसं होईल ते सांगायला हवं.

डिस्क ब्रेकवाल्यांसाठी दोन शब्द. ब्रेक ऑइल कमी झालं म्हणून त्यात इंजिन ऑइल ओतू नका, आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक जातो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नव्या डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावर तो 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. चोर्ला किंवा आंबोली घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून धरला की ऑइल उकळतं, त्यात वाफ होते आणि लिव्हर मऊ लागतो. म्हणून घाटात खालचा गिअर, आणि दर दोन वर्षांनी नवं ऑइल.

आता नव्या गाड्यांचं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि बहुतेक पेट्रोल दुचाकींत कार्बोरेटर जाऊन फ्यूएल इंजेक्शन आलं. आपल्या पिढीचे निम्मे जुगाड तिथेच संपले. धक्का मारून गाडी सुरू करणं घ्या. जुन्या गाडीत पेट्रोल उतारानेच खाली येत असे. नव्या गाडीत ते टाकीतला विजेचा पंप ढकलतो. बॅटरी पूर्ण मेली असेल तर पंपच चालत नाही, मग कितीही ढकला. बॅटरी थोडी जिवंत असेल तरच धक्क्याचा उपयोग. पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो, म्हणून टाकी नेहमी तळाशी नेऊन चालवायची सवय सोडा. नव्या गाडीसोबतचा खरा जुगाड म्हणजे बॅटरीची टोकं स्वच्छ ठेवणं.

फौजेत गाडी बाहेर काढण्याआधी पहिली परेड असते, वाटेत हॉल्ट परेड आणि परतल्यावर शेवटची. तुम्ही एवढं करू नका, सकाळी दोन मिनिटं द्या. टायर दाबून पाहा, दोन्ही ब्रेक दाबून पाहा, चेन हाताने हलवून पाहा, दिवे आणि हॉर्न पाहा, गाडी उभी होती तिथे जमिनीवर तेलाचा डाग आहे का ते पाहा. सीटखाली ठेवायचं सामान: पक्कड, प्लगपाना, एक प्लग, दोन फ्यूज, क्लच वायर, स्क्रूचं निपल, कडीकुलूप, पंक्चरचं किट, इन्सुलेशन टेप आणि साबणाचा तुकडा.

त्यात एक छोटी वही आणि पेन्सिलही ठेवा. रस्त्यात जे तात्पुरतं केलं ते तिथेच लिहायचं: तारीख, काय केलं, कुठपर्यंत चालवायचं. काम पक्कं झालं की ओळीवर काट मारायची. गाडी मुलाला किंवा भाच्याला चालवायला देताना ती वही आधी उघडून दाखवा. तुम्ही केलेला जुगाड तुम्हाला माहीत असतो, त्याला नसतो.

या रविवारी अर्धा तास काढा आणि आपल्या गाडीत किती जुने जुगाड दडले आहेत ते शोधा. सुरुवात मागच्या ब्रेकच्या दांड्यापासून करा. पुढच्या भागात टायरविषयी बोलू. तोवर गाडी सांभाळून चालवा, हेल्मेटचा पट्टा लावा. जय हिंद.